अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि उशिरा येणारे बोलणे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या वजनवाढीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये वजनापेक्षा बोलण्याविषयीचेच प्रश्न अधिक होते, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठी ठेवले आहे. गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व म्हणतात. जगभरात साधारणपणे दर दहा बाळांमागे एक बाळ असे जन्मते. त्यांपैकी अनेक मुले वेळेवर आणि उत्तम बोलू लागतात. तरीही पूर्ण दिवसांच्या मुलांच्या तुलनेत या मुलांमध्ये बोलणे लांबण्याचे प्रमाण अधिक असते आणि जन्म जितका लवकर, तितकी ही शक्यता वाढते. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मुलाचा जन्म २९ व्या आठवड्यात झाला. सुरुवातीचे बरेच दिवस तो नवजात अतिदक्षता विभागात होता. आता तो वीस महिन्यांचा आहे. चालतो, हसतो, खेळतो. पण ‘आई’ आणि ‘दे’ यांखेरीज काही बोलत नाही. डॉक्टरांनी ‘सुधारित वय’ धरायला सांगितले होते. घरातील सगळे म्हणतात, लवकर जन्मला आहे, सावकाश बोलेल. आम्ही आणखी किती थांबावे?

सुधारित वयाचा हिशेब आधी मांडू. पूर्ण दिवसांचे गर्भारपण चाळीस आठवड्यांचे धरतात. तुमचा मुलगा २९ व्या आठवड्यात, म्हणजे ११ आठवडे लवकर जन्मला. हे सुमारे अडीच महिने झाले. वीस महिन्यांतून ते वजा केले की साडेसतरा महिने उरतात आणि त्याच्या बोलण्याची तुलना साडेसतरा महिन्यांच्या मुलाशीच करायला हवी. ही वजाबाकी साधारणपणे दोन वर्षांचे होईपर्यंत करतात. (लसी मात्र सहसा जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. हा घोळ अनेक घरांत होतो, म्हणून येथेच सांगून ठेवते.)

परंतु ही सवलत एकदाच द्यायची असते. घरातील मंडळी नकळत ती दोनदा देतात : आधी अडीच महिने वजा करतात आणि उरलेल्या वयाच्या मानानेही मूल मागे दिसले, की ‘लवकर जन्मला ना’ म्हणून तेच कारण पुन्हा पुढे करतात. मुदतपूर्व बाळांच्या बाबतीत मौल्यवान महिने वाया जातात ते बहुतेकदा या दुसऱ्या सवलतीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुधारित वय धरूनही मूल मागे असेल, तर त्याच्या लवकर जन्मण्याचा हिशेब आधीच पुरा झालेला असतो. उरलेल्या फरकाचे कारण शोधावे लागते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. त्यात प्रत्येक वयापुढे त्या वयाच्या किमान तीन चतुर्थांश मुलांना जमणाऱ्या गोष्टी दिल्या आहेत. अठराव्या महिन्यापुढे ‘आई-बाबा’ सोडून तीन किंवा अधिक शब्द म्हणण्याचा प्रयत्न, हाताची खूण न करता सांगितलेली एक साधी सूचना पाळणे आणि एखादी गमतीची गोष्ट दुसऱ्याला दाखवण्यासाठी बोट करणे, या तिन्ही गोष्टी आहेत. शब्दांच्या बाबतीत तुमचा मुलगा सीमारेषेवर आहे. मात्र समज आणि बोट दाखवणे यांविषयी तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने त्या दोन गोष्टींचे महत्त्व शब्दांच्या संख्येहून अधिक आहे.

समज पाहताना पालकांची सहज फसगत होते. ‘चेंडू आण’ म्हणताना आपण नकळत चेंडूकडे पाहतो, मान वळवतो, कधी हातही पुढे करतो. मूल आपल्या नजरेचा माग काढते, चेंडू आणून देते आणि आपली खात्री पटते की त्याला सगळे कळते. त्याऐवजी असे करून पाहा : त्याच्या ओळखीच्या तीन वस्तू, समजा चेंडू, वाटी आणि बूट, जमिनीवर एकमेकींपासून दूर ठेवा, हात मांडीवर ठेवा, त्याच्या चेहऱ्याकडेच पाहत राहा आणि नेहमीच्या आवाजात एकदाच विचारा, ‘बूट कुठे आहे?’ तो बुटाकडे वळला, तर शब्द कळला. केवळ तुमच्या तोंडाकडे पाहत राहिला किंवा हाताला लागेल ती वस्तू उचलून देऊ लागला, तर वेगवेगळ्या वेळी हेच पुन्हा करून पाहा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. तपासणीच्या वेळी ही टिपणे फार उपयोगी पडतात.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. एक, ‘मला ते हवे’ म्हणून. दुसरा, ‘ते बघ’ म्हणून. आकाशातले विमान दाखवून मूल आपल्या तोंडाकडे वळून पाहते, तेव्हा त्याला विमान नको असते, आपण ते पाहावे एवढेच हवे असते. शब्द कमी असूनही समज वयाप्रमाणे असेल, हावभाव भरपूर असतील आणि हा दुसऱ्या प्रकारचा संवाद असेल, तर पुढचे चित्र बरेच आश्वासक असते. हावभावही नसतील, नावाने हाक मारली असता मूल वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर स्वमग्नतेसाठीची (ऑटिझमची) तपासणी लांबवू नये. मुदतपूर्व मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण एकंदर मुलांपेक्षा अधिक आढळते. पालकांना प्रश्नावली देऊन केलेल्या प्राथमिक चाचणीत शंका आली म्हणजे निदान झाले, असे मात्र मुळीच नाही. फार लवकर जन्मलेल्या मुलांच्या हालचालींत, दृष्टीत किंवा ऐकण्यात अडचण असेल, तर त्यामुळेही प्रश्नावलीत शंकेची उत्तरे येतात. म्हणून पुढची सविस्तर तपासणी आवश्यक ठरते.

तेव्हा थांबू नका. श्रवणतज्ज्ञांकडून कानांची तपासणी आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा स्पीच थेरपिस्ट यांच्याकडून मूल्यमापन, या दोन्हींसाठी आताच वेळ घ्या. जाताना अतिदक्षता विभागाचे डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव दिसला होता का, किती दिवस व्हेंटिलेटर लागला, गर्भारपणाच्या हिशेबाने ३६ व्या आठवड्यानंतरही प्राणवायू द्यावा लागत होता का, कोणती प्रतिजैविके दिली, कावीळ किती वाढली होती, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, हे सर्व त्या कागदांत असते आणि वीस महिन्यांनंतर ते कोणाच्याही स्मरणात नेमके राहत नाही.

प्रश्न : आमची मुलगी ३१ व्या आठवड्यात जन्मली. घरी सोडताना तिच्या कानांची तपासणी ‘पास’ म्हणून लिहून दिली आहे. ती आता चौदा महिन्यांची आहे, बडबड करते, पण शब्द नाहीत. भांडे पडल्याचा आवाज झाला की दचकते. पुन्हा तपासणीची गरज आहे का?

होय, आहे. पहिली गोष्ट, तपासणी कोणती झाली ते कागदांत पाहा. नवजात बाळांच्या कानांसाठी दोन चाचण्या प्रचलित आहेत. ओएई या चाचणीत कानात बारीक आवाज सोडून आतील शंखाकृती भागातील पेशींचा प्रतिसाद मोजतात. बेरा या चाचणीत आवाज श्रवणचेतेतून मेंदूच्या खोडापर्यंत नीट पोहोचतो का, हे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने पाहतात. काही मुलांमध्ये कानातील पेशी ठीक असतात, पण पुढे चेतेतून जाणारा संदेश विस्कळीत होतो. अशा मुलाची ओएई चाचणी निर्दोष येऊ शकते. दोष उघड होतो तो बेरा चाचणीत. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. म्हणूनच तेथे पाच दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या बाळांची प्राथमिक तपासणी बेरा पद्धतीने व्हावी, असे अमेरिकेच्या बालश्रवण संयुक्त समितीचे सांगणे आहे. पहिल्या तपासणीत बाळ ‘पास’ झाले, तरी या गटातील बाळांची नऊ महिन्यांच्या सुमारास पुन्हा सविस्तर तपासणी करावी, असेही तिने २०१९ मध्ये सांगितले आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती वेळ केव्हाच उलटून गेली आहे.

दुसरी गोष्ट भांड्याच्या आवाजाची. मोठा, घणघणीत आवाज ऐकू येणे आणि बोलणे ऐकू येणे यांत फार अंतर आहे. उंच पट्टीचे ध्वनी तेवढे ऐकू येत नसतील, तर मूल दार आपटले की दचकते, पाठीमागून हाक मारली की वळतेही, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे हळुवार ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. जे ध्वनी कानी पडत नाहीत, ते बोलण्यात येत नाहीत. घरी टाळ्या वाजवून किंवा भांडी आपटून केलेल्या परीक्षेवर विसंबणे हा या विषयातील सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

शिवाय जन्माच्या वेळी चांगले असलेले ऐकणे पुढे कमी होऊ शकते. जंतुसंसर्गासाठी दिली जाणारी जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे, रक्त बदलावे लागण्याइतकी वाढलेली कावीळ, मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, ही त्यामागील ज्ञात कारणे आहेत. ती औषधे त्या वेळी बाळाचा जीव वाचवण्यासाठीच दिलेली असतात. त्याबद्दल खंत करत बसण्यात अर्थ नाही, पण कानांवर लक्ष ठेवायलाच हवे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि मग कान पाण्याखाली असल्यासारखे बोलणे अस्पष्ट ऐकू येते, तेही कधी येते, कधी नाही. यासाठी टिम्पॅनोमेट्री नावाची, काही मिनिटांत होणारी, न दुखणारी तपासणी असते. तीही त्याच भेटीत करून घ्या.

प्रश्न : माझे बाळ ३० व्या आठवड्यात जन्मले असून अजून अतिदक्षता विभागात आहे. त्याच्याशी बोलावेसे वाटते, पण यंत्रांच्या आवाजाने ते आधीच त्रासलेले असेल असे वाटून मी गप्प बसते. मी बोलले तर चालेल का?

चालेल, आणि तुमच्या आवाजाची त्याला गरजही आहे. गर्भातील बाळाची श्रवणयंत्रणा साधारण २५ व्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते. याचा अर्थ, जन्मापूर्वी काही आठवडे तुमच्या बाळाला तुमचा आवाज ऐकू येत होता. दिवस भरले असते, तर आणखी दहा आठवडे तो त्याच्या कानी पडत राहिला असता. अतिदक्षता विभागात त्याऐवजी यंत्रांचे इशारे, पेटीचे झाकण लावल्याचा आवाज आणि पंख्यांची घरघर असते. तेथील सरासरी आवाज ४५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे बालरोगतज्ज्ञ मानतात. ती मर्यादा पाळणे विभागाला अनेकदा जड जाते. परंतु गोंगाट आणि आईचे हळू बोलणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

अमेरिकेत झालेल्या एका लहान अभ्यासात मुदतपूर्व बाळांच्या अंगावरील खास अंगरख्यात ध्वनिमुद्रण यंत्र ठेवले होते. बाळे गर्भारपणाच्या हिशेबाने ३२ आठवड्यांची असतानाही स्वतःहून हुंकार देत होती आणि पालक भेटीला असताना त्यांच्या कानांवर अधिक बोलणे पडत होते. ज्या बाळांनी त्या काळात मोठ्यांचे बोलणे अधिक ऐकले, त्यांचे भाषेचे गुण पुढे सात आणि अठरा महिन्यांच्या सुधारित वयात चांगले आले. केवळ बोलण्यामुळेच ते आले, असे इतक्या लहान अभ्यासावरून म्हणता येणार नाही. तरीही गप्प बसण्याचा सल्ला देण्यासाठी मला एकही कारण सापडत नाही.

कसे बोलावे, हे बाळच सांगते. ते शांत जागे असेल, चेहरा सैल असेल, तेव्हा त्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात एखादे वाक्य बोला आणि थांबा. बोटे फाकली, भुवया आक्रसल्या, मान दुसरीकडे वळली, उचकी लागली, रंग बदलला किंवा मॉनिटरवर प्राणवायूचा आकडा घसरू लागला, तर त्याला तूर्त पुरे झाले आहे असे समजून बोलणे थांबवा. हात तसाच स्थिर ठेवला तरी चालेल. एका वेळी स्पर्श, आवाज आणि झुलवणे असे सगळे एकत्र करू नका. परिचारिकांना विचारून बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दिवसाकाठी किमान आठ तास अशी कांगारू पद्धतीची जवळीक सुचवली आहे. बाळ छातीशी असताना तुम्ही हळू बोललात, गुणगुणलात, तर ते त्याच्या कानांसाठी सर्वांत योग्य अंतर असते.

काही थोडक्यात प्रश्न

*घरात दोन भाषा बोलल्या जातात. एक बंद करावी का?* नाही. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द मिळून मोजा. ज्या भाषेत तुम्ही मोकळेपणाने बोलता, रागावता, लाड करता, त्याच भाषेत त्याच्याशी बोलत राहा.

*जिभेखालचा पडदा कापला तर बोलू लागेल का?* तो पडदा आखूड असल्यास दूध ओढण्यात आणि क्वचित काही अक्षरांच्या उच्चारात अडचण येऊ शकते. शब्दच न येण्याचे ते कारण नसते, आणि तेवढ्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नये.

*मोबाइलवरची गाणी ऐकून शब्द शिकेल का?* दोन वर्षांखालील मुले पडद्यावरून फारच थोडे शिकतात, कारण पडदा त्यांच्या हुंकाराला उत्तर देत नाही. एक वर्षाखालील मुलांसाठी पडदा नकोच, दुसऱ्या वर्षातही शिफारस नाही, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. दूर असलेल्या आप्तांशी व्हिडिओवरून प्रत्यक्ष बोलणे यात धरू नका.

*नळीने दूध दिल्यामुळे बोलणे लांबते का?* बऱ्याच काळ नळी राहिलेली काही मुले तोंडात काही घालू देत नाहीत, घट्ट अन्न नाकारतात. अशा मुलांना खाण्याच्या बाबतीतही स्पीच थेरपिस्टची मदत होते. पण बोलणे लांबण्याचे एकमेव कारण म्हणून नळीकडे बोट दाखवू नये.

प्रश्न : माझी जुळी नातवंडे ३४ व्या आठवड्यात जन्मली. आता ती सव्वादोन वर्षांची आहेत. नात छान वाक्ये बोलते. नातू आठ-दहा शब्द बोलतो आणि बहुतेक वेळा तीच त्याच्या वतीने मागते. मुलगे उशिरा बोलतात म्हणून सून निश्चिंत आहे. मी उगीच काळजी करते आहे का?

आजी, तुमची काळजी रास्त आहे. मुलगे सरासरीने मुलींच्या किंचित मागे असतात हे खरे, पण तो फरक इतका लहान असतो की आठ-दहा शब्द आणि पूर्ण वाक्ये यांतील अंतर त्याने भरून निघत नाही. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडणी दिसत नसेल, तर तपासणी करावी, हा नियम मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. सहा आठवडे वजा केले तरी तुमचा नातू दोन वर्षांच्या पुढेच आहे. ३४ आठवड्यांची बाळे पूर्ण दिवसांच्या बाळांसारखीच दिसतात, म्हणून त्यांचा पाठपुरावा अनेकदा सुटतो. जुळ्यांमध्ये मोठ्यांचे बोलणे दोघांत वाटले जाते, हेही एक कारण असते.

सुनेशी बोलताना दोष देण्याचा सूर येऊ देऊ नका. दोन अपुऱ्या दिवसांची बाळे वाढवताना तिने किती सोसले असेल, ते तुम्ही पाहिलेच आहे. रोज थोडा वेळ नातवाला एकट्याला जवळ घ्या, नात दुसऱ्या खोलीत असताना. तो ज्या खेळण्यात रमला असेल, त्याच्याविषयीच छोट्या वाक्यांत बोला. तो ‘गाडी’ म्हणाला, तर ‘गाडी पळाली’ असे एक पाऊल पुढचे म्हणा. ‘हे काय? ते काय?’ असे विचारत राहू नका. त्याला हवी असलेली वस्तू झाकण लावलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून डबा त्याच्या हाती द्या आणि काही न बोलता मनातल्या मनात दहा अंक मोजा. त्या शांततेत तो तुमच्याकडे पाहील, डबा पुढे करील, कदाचित ‘उघड’ म्हणेल. यांपैकी काहीही केले, तरी डबा लगेच उघडा. शब्दासाठी अडवून धरू नका.

प्रश्न : आमचा मुलगा २७ व्या आठवड्यात जन्मला. तीन वर्षांचा असताना उपचार घेतले, नंतर तो भरभर बोलू लागला आणि उपचार थांबवले. आता तो सहा वर्षांचा आहे. शिक्षिका म्हणतात की तो गोष्ट सलग सांगू शकत नाही आणि दोन-तीन सूचना एकत्र दिल्या की पहिलीच विसरतो. हा आळस आहे का?

आळस नव्हे. फार लवकर जन्मलेल्या मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले आहे की, सोपे शब्दज्ञान साधारण स्थिर राहते, पण गुंतागुंतीची भाषा वापरण्यातील अडचण तीन ते बारा वर्षांच्या काळात वाढत जाते. मूल बदलत नाही. शाळेच्या मागण्या वाढतात. घटना क्रमाने सांगणे, लांब वाक्याचा अर्थ शेवटपर्यंत धरून ठेवणे, ‘जरी’, ‘म्हणून’, ‘त्याआधी’ अशा शब्दांनी जोडलेले बोलणे समजणे, यांसाठी भाषेबरोबर लक्ष आणि अल्पकालीन स्मरणही लागते, आणि या दोन्हींवर लवकर जन्मण्याचा परिणाम होऊ शकतो.

स्पीच थेरपिस्टकडून पुन्हा मूल्यमापन करून घ्या आणि या वेळी शब्दसंग्रहाबरोबर कथन व आकलन यांची चाचणी मागून घ्या, कारण नुसत्या गप्पांमध्ये असे मूल निर्धोक वाटते. कान आणि डोळे पुन्हा तपासा. शिक्षिकांना त्याच्या जन्माविषयी सांगा. तीन वर्षांपूर्वीचा उपचार पूर्ण झाला म्हणून ही माहिती अनेक पालक शाळेला देतच नाहीत. पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, ती त्याच्याकडून परत म्हणवून घेणे आणि फळ्यावर कामांचा क्रम चित्रांनी मांडणे, एवढे बदल कोणत्याही वर्गात होऊ शकतात. घरी रात्री झोपताना दिवसातील एकाच घटनेची तीन चित्रे त्याच्याकडून काढून घ्या आणि त्यांवर बोट ठेवत ती त्याला सांगू द्या. मधला भाग सुटला तर दुरुस्त न करता ‘आणि मग?’ एवढेच विचारा. वाचनही याच वर्षी सुरू होत आहे. जो मजकूर तो अडखळत का होईना वाचतो, त्याचा अर्थ त्याला सांगता येतो का, याकडे येते काही महिने विशेष लक्ष द्या आणि पुढच्या भेटीत थेरपिस्टना ते सांगा.